जुजुत्सु कायसेन ०: प्रीक्वेल नसलेली प्रीक्वेल (स्पॉयलर आहेत)

रातकिडा

स्पॉयलरची सूचना आधीच देऊन ठेवतो. शेवट काय होतो, कोण मरतं, कुणाच्या हातून मरतं, सगळं खाली येणार आहे. ज्यांना पाटी कोरी ठेवून बघायचंय त्यांनी पावणेदोन तासांनी परत यावं, सिनेमा तेवढाच आहे.

‘जुजुत्सु कायसेन’ ही जपानी मंगा (चित्रकथा) आणि तिच्यावरची ॲनिमेशन मालिका. तिच्या ‘जुजुत्सु कायसेन ०’ या सिनेमाला सगळीकडे प्रीक्वेल, म्हणजे आधी घडलेली गोष्ट, म्हणतात. पण ती प्रीक्वेल म्हणून लिहिलेलीच नाही. गेगे आकुतामी (हे टोपणनाव आहे) यांनी २०१७च्या एप्रिल ते जुलै या काळात ‘जंप गिगा’ या मासिकात चार प्रकरणांची मंगा केली. तिचं नाव एखाद्या सरकारी शाळेच्या पाटीवर शोभेल असं होतं, त्यात ‘जुजुत्सु कायसेन’ हे शब्दही नव्हते. मार्च २०१८मध्ये साप्ताहिक ‘शोनेन जंप’मध्ये मोठी मालिका सुरू झाली. नायक वेगळा, मंत्रविद्येची शाळा तीच, डोळे झाकून फिरणारा गोजो मास्तर तोच. मालिकेने जोर धरला आणि डिसेंबर २०१८मध्ये त्या चार प्रकरणांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर शून्य आकडा आला. म्हणजे धाकट्याचं बारसं आधी आणि थोरल्याचं त्याच्यावरून.

गोष्ट थोडक्यात: युता ओक्कोत्सु, वय सोळा. लहानपणीची मैत्रीण रिका ओरिमोतो हिने त्याला अंगठी देऊन मोठेपणी लग्न करायचं ठरवलेलं. ती त्याच्या डोळ्यांसमोर मोटारीखाली जाते आणि त्याच क्षणापासून भयंकर शाप (या गोष्टीत शाप म्हणजे पछाडणारं भूत) होऊन त्याला चिकटते. सहा वर्षांनी, त्याला छळणाऱ्या पोरांना ती एका लॉकरमध्ये कोंबते. मंत्रविद्येतली वरिष्ठ मंडळी युताला मृत्युदंड द्यायला निघालेली असतात, पण गोजो त्याला शाळेत आणतो. तिथे माकी, इनुमाकी आणि पांडा (खरंच पांडा) हे तिघे वर्गमित्र. समोर सुगुरू गेतो, गोजोचा एकेकाळचा जिवलग मित्र, ज्याला मंत्रशक्ती नसलेली सगळी माणसं मारून टाकायची आहेत. शेवटी कळतं की रिकाने युताला धरून ठेवलेलंच नाही. तिला मरू न देणारा युताच. शाप त्याचा आहे.

हा उलटा फिरणारा पेच चार प्रकरणांत बसवणं हीच या मंगाची करामत. पहिल्या पानापासून आपण रिकाला पछाडणारी समजत असतो आणि पुरावे सगळे समोर पडलेले असतात. तिला वर्चस्व हवं असतं असं वाटतं, पण ती सतत वागते कशी, तर युताच्या मनातलं ओळखून. तो घाबरला की ती बाहेर येते, त्याला राग आला की तिला राग येतो.

माप्पा स्टुडिओचा सिनेमा २४ डिसेंबर २०२१ला जपानात लागला. तारीख मुद्दाम तीच, गोष्टीतलं युद्धही २४ डिसेंबरलाच होतं. दिग्दर्शक सुंगहू पार्क, ॲनिमेशन मालिकेच्या पहिल्या सीझनचेच. मूळ मंगात नसलेली बरीच माणसं सिनेमात येतात. नानामी, तोदो, क्योतो शाळेची मुलं, मेई मेई. तोक्योतल्या शिंजुकूतल्या आणि क्योतोतल्या लढाया, गोजो आणि गेतोचा साथीदार मिगेल यांची मारामारी. ही भर घालताना त्या छोट्या गोष्टीला मोठ्या मालिकेचा उंबरठा बनवलं गेलं.

माझं म्हणणं इतकंच: भर देखणी आहे, पण सिनेमा जिथे जिथे आतून हलवतो, ती जागा त्या जुन्या चार प्रकरणांतली आहे. तुमचं काय?

मिरचीभजी

मस्त धागा, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

मंगात गेतो थाटात येऊन सांगतो की शिंजुकूत हजार आणि क्योतोत हजार शाप सोडणार. शंभर भुतांची वरात! आणि मग? मग कॅमेरा थेट शाळेच्या आवारात. युद्ध जाहीर होतं आणि युद्ध जवळपास दिसतच नाही. चार प्रकरणांत जागा नव्हती हे समजू शकतं, पण त्याला गुण म्हणू नका. सिनेमाने ते ऋण फेडलं. शिंजुकूतले रिकामे रस्ते, नाताळच्या दिव्यांखाली चाललेली ती कत्तल, नानामीचा ब्लॅक फ्लॅश (मंत्रशक्तीचा क्वचितच साधणारा जबर ठोसा). मालिकेत नुसता उल्लेख होता की त्याने लागोपाठ चार मारले होते. ते पडद्यावर बघायला मिळणं म्हणजे काय, हे थेटरात शिट्ट्या मारणाऱ्यांना विचारा.

आणि गोजो-मिगेल! त्या काळ्या दोरीच्या लढाईत आपल्याला पहिल्यांदा कळतं की गोजोला अडवून ठेवणं हीसुद्धा एक कामगिरी आहे.

रातकिडा

@मिरचीभजी, शिट्ट्यांवर आक्षेप नाही. 😄 पण बघा, नानामीचा ब्लॅक फ्लॅश कुणाला भिडतो? ज्याने पहिला सीझन पाहिलाय त्याला. जो थेट इथून सुरुवात करतो त्याच्यासाठी एक सुटाबुटातला चष्मेवाला येतो, जोरात ठोसा मारतो आणि जातो. त्याचं नावही धड कळत नाही. म्हणजे ते दृश्य या गोष्टीचं नाही, दुसऱ्या गोष्टीने इथे उसनं ठेवलेलं आहे.

गोगलगाय

मला क्रमाचाच प्रश्न आहे. भाचा म्हणतोय आधी शून्य बघ, आकडाच शून्य आहे. ऑफिसातला एक जण म्हणतो पहिला सीझन आधी. मी अजून काहीच पाहिलं नाही आणि वरचं सगळं वाचून बसलोय, तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. सांगा.

ओंजळ

@गोगलगाय, वाचलंच आहे तर सविस्तर सांगते.

कथेतला काळ: शून्य २०१६च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०१७च्या डिसेंबरात संपते. मुख्य मालिका २०१८च्या जूनमध्ये सुरू होते. तेव्हा कालक्रमाने शून्य आधी. पण पहिल्या सीझनमध्ये (ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१, २४ भाग) गेतो हिंडताना दिसतो, कपाळावर टाके घातलेला. तुम्ही शून्य आधी पाहिलं असेल तर तुम्हाला माहीत आहे की गोजोने त्याला संपवलं. त्यामुळे पहिल्या सीझनच्या पहिल्याच काही भागांत तुम्ही ताडकन उठून बसता, हा जिवंत कसा? आणि पहिला सीझन आधी पाहिला असेल तर तो तुमच्यासाठी फक्त एक गोड बोलणारा खलनायक. मग शून्य बघताना शेवटी धक्का बसतो, अरे, हा तर मेला होता, मग तो कोण होता? दोन्हीकडून प्रश्न एकच पडतो, फक्त वेगळ्या जागी. उत्तर दुसऱ्या सीझनमध्ये, तोक्योतल्या शिबुयात घडणाऱ्या भागात.

माझा सल्ला: पहिला सीझन, मग शून्य, मग दुसरा सीझन. दुसऱ्याची सुरुवातच गोजो-गेतोच्या शाळकरी दिवसांनी होते. शून्यच्या शेवटी जो माणूस भिंतीला टेकून बसलेला असतो तो असा का झाला, हे लगेच पुढे बघितलं की काळीज पिळवटतं. मूळ प्रसारणाचा क्रमही हाच होता.

रातकिडा

+१. आणि इथेच माझ्या मुद्द्याला जोर येतो, ओंजळ.

२०१७ साली गेतोच्या भूतकाळाचं एकही पान छापलेलं नव्हतं. तरी चार प्रकरणांतला गेतो बघा. माकीला, तिच्यात मंत्रशक्ती नाही म्हणून, माकड म्हणतो. तो शब्द तो सगळ्याच सामान्य माणसांसाठी वापरतो. पण युताला वाचवायला पांडा आणि इनुमाकी जिवावर उदार होऊन येतात तेव्हा हाच माणूस भारावून जातो, डोळ्यांत पाणी येतं त्याच्या. मांत्रिकांनी एकमेकांसाठी असं उभं राहावं हेच त्याला हवं होतं. त्यांना लोळवतो, मारत नाही. आणि गोजोने त्या दोघांना तिकडे पाठवलं ते याच भरवशावर, की गेतो तरुण मांत्रिकांना उगाच मारणार नाही. दहा वर्षं झाली तुटून, तो जगाचा शत्रू झालाय, आणि तरी गोजोचा त्याच्या तत्त्वांवर विश्वास आहे!

एवढं सगळं मूळ चार प्रकरणांत आहे. दुसऱ्या सीझनने ते समजावून सांगितलं, निर्माण केलं नाही.

मिरचीभजी

हे मान्य. पण तुम्ही सिनेमाचं श्रेय अलगद खिशात घालताय. शेवटचं ते बोळकांडीतलं दृश्य घ्या. गोजो काहीतरी बोलतो आणि आपल्याला ऐकू येत नाही. मंगात हे सोपं आहे, फुगा कोरा ठेवला की झालं. पडद्यावर आवाज बंद करून ओठ, चेहरा, गेतोचं ते हसणं, एवढ्यावर प्रसंग उभा करायचा म्हणजे दिग्दर्शकाची आणि गेतोला आवाज देणाऱ्या साकुराईंची कसोटी. गेतो म्हणतो की निदान शेवटी तरी दोन शिव्याशाप दे, त्या वाक्यात ताकाहिरो साकुराईंच्या आवाजात जे हसू आहे ते कागदावर नाही.

अबोली१२

आवाजाचा विषय निघालाच आहे तर मेगुमी ओगाता!! युताला त्यांचा आवाज आहे हे कळलं तेव्हा मी अर्धी लढाई जिंकले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९५च्या ‘इव्हॅंजेलियन’मधल्या शिंजीचा आवाज त्यांचाच. स्वतःला नकोसा झालेला, पळून जाऊ पाहणारा, कुणीतरी जवळ घ्यावं म्हणून तडफडणारा पोरगा. युता सुरुवातीला अगदी तोच. फरक असा की युता हळूहळू मान वर करतो. पहिल्या अर्ध्या तासातली त्याची कुजबुज आणि शेवटची गर्जना एकाच घशातून आली आहे हे पटत नाही.

रिकाला काना हानाझावा. लहान मुलीचा लाडिक आवाज आणि त्या राक्षसी रूपाचा घोगरा चिरका आवाज, दोन्ही त्यांचेच.

आणि किंग नू या बँडची दोन्ही गाणी शेवटच्या श्रेयनामावलीला, उठून जाऊ नका. त्यानंतर एक तुकडा आहे केनियातला, तोही चुकवू नका.

ठोंब्या

इनुमाकीबद्दल कुणीच काही बोलेना. त्याच्या बोलण्यातच मंत्र असतो, जे बोलेल ते समोरच्याला करावं लागतं, म्हणून बिचारा फक्त ओनिगिरीतल्या (भाताच्या गोळ्यांतल्या) सारणाची नावं घेतो. साके, ओकाका, कोन्बू. साके (सामन मासा) म्हटलं की हो, ओकाका म्हटलं की नाही. आख्खं संभाषण जेवणाच्या डब्यावर. बाजारपेठेतल्या त्या कामगिरीत युताला पहिल्यांदा कळतं की हा तुसडा नाही, जपून बोलणारा आहे. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात हळवा भाग तोच, रिका-बिका नंतर.

पोथीनिष्ठ

जरा अवांतर, पण विषयाला धरून.

युताच्या शक्तीचं कारण शेवटी असं दिलंय की तो सुगावारा नो मिचिझाने यांचा वंशज आहे आणि म्हणून गोजोचा दूरचा नातलग. हे नाव लेखकाने सहज टाकलेलं नाही. मिचिझाने हा खरा माणूस. नवव्या शतकातला विद्वान, कवी, मोठा दरबारी. फुजिवारा घराण्याच्या कारस्थानाने ९०१ साली त्याला क्यूशूतल्या दाझाइफूला हद्दपार केलं, ९०३ साली तिथेच मेला. नंतर राजधानीत रोगराई, विरोधकांचे मृत्यू, आणि ९३० साली थेट राजवाड्यावर वीज पडून दरबारी दगावले. सगळ्यांनी मानलं की मिचिझानेचा सूड आहे हा. मग त्याची समजूत काढण्यासाठी क्योतोत कितानोचं देऊळ उभं राहिलं. आज तो तेन्जिन म्हणून विद्येचा देव आहे आणि जपानी पोरं परीक्षेआधी त्याच्या पायाशी जातात. सर्वांत भयंकर तीन सूडात्म्यांमध्ये त्याचं नाव घेतात, बाकीचे दोन तायरा नो मासाकादो आणि सुतोकू सम्राट.

म्हणजे अतृप्त मेलेल्या माणसाचा शाप आणि त्याच माणसाची पूजा, या दोन टोकांमधून चालणाऱ्या परंपरेतला हा युता. शाप झालेल्या रिकाला शेवटी प्रेमाने निरोप देणं हे त्या परंपरेला धरूनच आहे. हाणामारीने रिकाचा प्रश्न सुटतच नाही, हे लक्षात घ्या.

आता दुसरं, आपल्याशी नातं असलेलं. शेवटच्या लढाईत गेतो तामामो नो माए नावाचा शाप बाहेर काढतो, आठवतोय? आणि मग उरलेले ४,४६१ शाप एकत्र पिळून सोडतो. ही तामामो म्हणजे बाराव्या शतकातल्या तोबा सम्राटाच्या दरबारातली सुंदरी, प्रत्यक्षात नऊ शेपट्यांची कोल्हीण. जपानी कथा सांगते की ती आधी चीनमध्ये होती आणि त्याच्याही आधी भारतात, मगधात, हानझोकू नावाच्या राजपुत्राची राणी होऊन. त्याला हजार राजांची मुंडकी उतरवायला लावणारी तीच. हा हानझोकू म्हणजे आपला कल्माषपाद! महाभारतात वसिष्ठांच्या पुत्राच्या शापाने नरभक्षक झालेला राजा. बौद्ध कथांमधून तो चीनला गेला, तिथून जपानला, आणि वाटेत त्याला कोल्हीण बायको मिळाली.

गोगलगाय

@पोथीनिष्ठ, दंडवत घ्या. हे सिनेमात सांगतात का?

पोथीनिष्ठ

छे, नाव घेतात आणि पुढे जातात. जपानी प्रेक्षकाला सांगायची गरज नसते. आणि गंमत ऐका. तामामोला नासूच्या माळावर मारल्यावर तिचा दगड झाला अशी कथा, त्याला ‘सेश्शोसेकी’, म्हणजे प्राण घेणारा दगड म्हणतात. तोचिगी प्रांतात तो खरोखर आहे, आसपास ज्वालामुखीचे विषारी वायू निघतात. मार्च २०२२मध्ये, सिनेमा अजून थेटरात चालू असताना, तो दगड दुभंगलेला सापडला. फटीत पाणी शिरून फुटला असणार म्हणे. समाजमाध्यमांवर जो धुमाकूळ झाला तो विचारू नका.

चहाटळकी

मी विरोधी पक्षात बसते. रिकाचं काय?

गोष्ट युताची, पेच युताचा, सुटका युताची. रिका सुरुवातीला दहा-अकरा वर्षांची मुलगी, नंतर राक्षसीण, शेवटी पाच मिनिटं गोड मुलगी आणि मग प्रकाशात विलीन. आणि जाताना त्याला सांगते की त्याच्याजवळची ही सहा वर्षं फार सुखाची होती. ज्याने तिला सहा वर्षं मरू दिलं नाही त्याला! गेतोसमोर युता हे शुद्ध प्रेम आहे म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात. पण त्याआधी गोजोनेच सांगून ठेवलंय की प्रेमाइतका वाकडा शाप दुसरा नाही. सिनेमा दोन्ही वाक्यं घेतो, मग टाळीच्या बाजूला झुकतो.

चार प्रकरणांची गोष्ट घट्ट आहे वगैरे ठीक. माणसं कमी आहेत त्यात.

रातकिडा

@चहाटळकी, टाळीबद्दल बरोबर. पण त्या वाक्याच्या वेळी युता काय करतोय ते बघा. रिकाला पूर्ण ताकद द्यायला म्हणून तो स्वतःचा जीव गहाण टाकतो, दोघं एकत्र जाऊ म्हणतो. म्हणजे तो अजूनही तिला सोडत नाहीये. शुद्ध प्रेम म्हणतोय तेव्हाच त्याचा शाप सर्वांत बळकट आहे. खरं सोडणं नंतर येतं, आणि ते येतं तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नाही.

रिकाला स्वतःचं मन कमी दिलंय, हे मात्र खरं. माकीला निदान घराण्याचा राग दिला, चष्मा दिला, भाला दिला. युताला कानपिचक्या देते तीही तीच: मदत नको म्हणून रडत बसायचं आणि कुणी करायला गेलं तर घाबरायचं, तुला हवंय काय नक्की?

ओंजळ

चहाटळकीचा मुद्दा मला सिनेमापेक्षा मंगात जास्त जाणवला. सिनेमात निदान हानाझावांच्या आवाजाने रिका शाप झालेली असतानाही लहान मुलगी ऐकू येत राहते. कागदावर ती बहुतेक वेळ दात आणि हात आहे.

चित्रांबद्दल कुणी बोललं नाही. शून्यची मंगा हातात घ्या आणि मालिकेचं शेवटचं पुस्तक (तिसावं) शेजारी ठेवा. हात किती बदललाय! शून्यात रेघा खरबरीत, चेहरे कधीकधी एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना बदलतात. गोजोच्या डोळ्यांवर काळी पट्टी नाही, पांढरी बँडेजं गुंडाळलेली. सिनेमाने ती बँडेजं तशीच ठेवली, हे मला फार आवडलं. सगळं मालिकेसारखं करून टाकायचा मोह झाला असणार.

मिरचीभजी

तो मोह आवरल्याबद्दल तरी सिनेमाला गुण द्या, रातकिडा.

रातकिडा

दिले. बँडेजचे पूर्ण, मिगेलच्या दोरीचे अर्धे.

चिमणी_उडाली

मुलगा अकरा वर्षांचा आहे. वर्गातली सगळी पोरं बघतात म्हणून मागे लागलाय. हा एकच सिनेमा बघू द्यावा का? भूतखेत त्याला चालतं, कोकणातल्या आजोळी तेवढं ऐकूनच मोठा झालाय. रक्ताचं काय प्रमाण?

अबोली१२

@चिमणी_उडाली, भुतांची अडचण नाही, रक्ताची आहे. सुरुवातीलाच रिकाचा अपघात दाखवलाय आणि तो सूचक नाही, स्पष्ट आहे. रस्त्यावरच्या रक्तातून हात येऊन युताचा पाय धरतो, ते दृश्य मला या वयात दचकवून गेलं. शाळेतल्या लढाईत माकीची अवस्था वाईट होते, पांडाचा हात तुटतो (तो पांडा असल्यामुळे कमी लागतं), शेवटी गेतोचाही हात गेलेला असतो. शिवाय एका मुलाला शाळेत छळणं आणि त्याला जगणं नकोसं होणं हा विषय उघडपणे येतो. तो विषय मुलाशी बोलायचा असेल तर बरंच आहे, पण शेजारी बसून बघा. आमच्या घरी मी तेरा वर्षांपर्यंत थांबले असते.

ठोंब्या

आणि ‘हा एकच’ असं काही नसतं हो. शून्य पाहिला की पुढचे सीझन मागणारच. मंगाच म्हणाल तर २७१ प्रकरणं आहेत, सप्टेंबर २०२४मध्ये संपली एकदाची. शिबुयाचा भाग तर अकराव्या वर्षी अजिबात नको.

चिमणी_उडाली

धन्यवाद दोघांना. तेरापर्यंत थांबवते, तोवर ‘टोटोरो’ या लहान मुलांच्या सिनेमावर भागवेन. मी मात्र या शनिवारी एकटी बघणार आहे.

गोगलगाय

मी पहिल्या सीझनच्या सहाव्या भागापर्यंत आलो. टाके घातलेला गेतो आला. ओंजळताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्याला साधा पुजारी समजलो असतो.

ओंजळ

आता शिबुयापर्यंत इकडे फिरकू नका, खाली कुणीतरी फोडेलच.